बियरच्या परवान्यासाठी काढलेली सोसायटी

आमच्या बिल्डिंगला सोसायटीच नाही, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एक्साईजच्या ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं. तोवर अठरा वर्षं आम्ही सगळे सोसायटी आहे असं समजून राहत होतो. चेअरमन होते. सेक्रेटरी दर दोन वर्षांनी रुसून बदलत होते. भाद्रपदात पार्किंगमध्ये गणपती, कोजागिरीला गच्चीवर दूध, आणि पाण्याच्या टाकीवरून वर्षातून दोनदा भांडण. एवढं सगळं असताना सोसायटी नाही असं कोण म्हणेल? अहो, शिक्का होता. गोल, निळ्या शाईचा. कारकुनाने माझ्या कागदावरचा तो शिक्का पाहिला आणि विचारलं, ‘नोंदणी क्रमांक कुठंय?’ मी तिथूनच चेअरमनना फोन लावला. ते म्हणाले, ‘कसला क्रमांक?’

आता हे सगळं झालं कसं, ते सांगतो. मी मूळचा फिटर. सातपूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं मशीन उघडली आणि जोडली. मग कंपनीने व्हीआरएसचा कागद पुढे केला, मी सही केली, आणि गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत नव्या बिल्डिंगचा तळमजल्याचा गाळा घेतला. वर पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गाळा माझ्या नावावर, फ्लॅट बायकोच्या. दोन्ही एका नावावर नको, पुढे कटकट होते, असं कुणीतरी सांगितलं होतं. कसली कटकट ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

गाळ्यात किराणा आणि जनरल स्टोअर्स टाकलं. सकाळी सहाला दुधाच्या पिशव्यांपासून सुरुवात व्हायची ती रात्री दहापर्यंत. दुपारी एक ते पाच बायको बसायची, तेवढ्या वेळात मी जेवून आडवा व्हायचो. पंधरा वर्षं उत्तम चाललं. मग ती दहा मिनिटांत घरपोच देणारी मुलं आली. रंगीत टी-शर्ट, पाठीवर खोकं, आणि तोंडात एकच प्रश्न, ‘काका, हा पत्ता कुठे?’ मी बोट दाखवायचो. तो माझ्या दुकानासमोरून जिन्याने वर जायचा आणि तिसऱ्या मजल्यावर कोथिंबिरीची जुडी देऊन खाली यायचा. कोथिंबीर माझ्या दुकानात, पाण्याच्या बादलीत, डोळ्यांसमोर. एकदा तर एकाने जाताना माझ्याकडेच प्यायला पाणी मागितलं. दिलं. पाण्याला नाही कसं म्हणणार? पण डोक्यात जायचंच.

हळूहळू दुकानात फक्त दोन वस्तूंची गिऱ्हाइकं उरली, जे विसरलंय ते आणि जे उधार पाहिजे ते. त्याच सुमारास एक ओळखीचा ठेकेदार आला आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, ‘भाऊ, सातपूरला गेटवर माणूस पाहिजे. बारा तास ड्युटी. युनिफॉर्म आमचा.’ ज्या रस्त्यावरच्या कारखान्यात माझ्या हाताखाली चार पोरं काम करायची, त्याच रस्त्यावर मी आता उभं राहून गाड्यांच्या डिक्क्या बघायच्या. त्याला चहा पाजला आणि घालवला. पण दुकान बंद पडलं तर पुढे तेच होतं, हे मला त्या दिवसापासून स्पष्ट दिसत होतं. छप्पन्नाव्या वर्षी फिटर म्हणून कोण ठेवतंय?

बियरची कल्पना बिस्किटवाल्या एजंटची. तो म्हणाला, ‘दादा, बियर अजून दहा मिनिटांत घरी येत नाही.’ एवढंच म्हणाला आणि टोस्टचं खोकं ठेवून गेला. त्या रात्री मला झोप नाही. गाळा चांगला रुंद होता. मध्ये भिंत घालायची, दोन शटर करायची, डावीकडे किराणा, उजवीकडे बियर शॉपी. बसून प्यायची भानगड नाही, बाटली घ्या आणि चालू लागा. सकाळी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ‘बघा,’ म्हणाली. आमच्या घरात ‘बघा’ म्हणजे हो, असं मी धरून चालतो.

परवान्याचा अर्ज म्हणजे काय प्रकार असतो, हे ज्याने भरला त्यालाच कळेल. नकाशा, भाडेपट्टा नाहीतर खरेदीखत, चारित्र्याचा दाखला, पालिकेचं हे, पालिकेचं ते. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण सहा महिन्यांत काम होतं असं कुणी म्हटलेलं नाही. मी सगळं निमूटपणे केलं. मग एक दिवस साहेब अंतर मोजायला आले. शाळेच्या फाटकापासून आणि देवळाच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत, माणूस ज्या वाटेने पायी चालतो त्या वाटेने टेप लावून मोजतात. टेपचं एक टोक साहेबांच्या शिपायाकडे, दुसरं माझ्याकडे. मी वाकून वाकून पुढे, शिपाई उभा. एका आजीबाईंनी विचारलं, ‘रस्ता रुंद करताय का?’ कशाला उगाच फाटे फोडायचे म्हणून मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीभर झाली आणि कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने आपलं पत्र्याचं शेड आपणहून दोन फूट मागे घेतलं. त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं तर पटेना. म्हणे, ‘तुम्ही मला धीर द्यायला बोलताय.’

अंतर पुरेसं निघालं. उरलं एकच, सोसायटीचं नाहरकत पत्र. नवा नियम आहे, बिल्डिंगच्या गाळ्यात बियर विकायची तर सोसायटीची परवानगी हवी. मला त्याची मुळीच काळजी नव्हती. आमचे चेअरमन एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कागदाला न घाबरणारे गृहस्थ. मी संध्याकाळी वर गेलो, त्यांनी चहा पाजला, कागद वाचला, सही केली, शिक्का मारला. वर म्हणाले, ‘चला, आता थंड बाटलीसाठी लांब जायला नको.’ एका चहात काम झालं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाने काय केलं ते सांगायचंय.

तोच कागद कारकुनाने परत केला. नोंदणी नाही म्हणजे सोसायटी नाही, सोसायटी नाही म्हणजे चेअरमन नाही, चेअरमन नाही म्हणजे सही कुणाची? मी म्हणालो, ‘साहेब, माणूस आहे ना. मी बघितलाय, त्याच्याकडे चहा प्यायलोय.’ त्याने शांतपणे सांगितलं, आधी सोसायटी नोंदवा, मग सर्वसाधारण सभा घ्या, त्यात ठराव करा, मग या. त्याची काहीच चूक नव्हती. म्हणून तर जास्त राग आला.

त्या रात्री पार्किंगमध्ये सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, बाबांनो, आपण सोसायटी नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. चेअरमन तर बसल्या जागी खचलेच. अठरा वर्षं ते ज्याचे चेअरमन होते ते नव्हतंच. बिल्डरने फ्लॅट विकताना सांगितलं होतं, सोसायटी करून देतो, आणि आम्ही सगळ्यांनी ते केलं असं मानलं. एकानेही, अहो चौदातल्या एकानेही, कागद बघितला नव्हता. यात बँकेतले होते, कोर्टात कारकुनी केलेले होते, दुसऱ्या मजल्यावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई होत्या. शिक्का आहे म्हटल्यावर कागद कोण मागतो?

नोंदणी कोण करणार असा विषय निघाला. नोंदणीसाठी एक मुख्य प्रवर्तक नेमावा लागतो, म्हणजे सगळी धावपळ करणारा गाढव. मग मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘भाऊ, गरज तुम्हाला आहे ना?’ झालं. सगळ्यांनी इतक्या जोरात माना हलवल्या की गणपतीच्या वर्गणीलासुद्धा कधी हलल्या नव्हत्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

पुढचे आठ महिने माझे उपनिबंधकांच्या कार्यालयात गेले. चौदा खरेदीखतांच्या प्रती, सातबारा, पूर्णत्वाचा दाखला, आर्किटेक्टचा दाखला, प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र. बिल्डर वारला होता. त्याचा मुलगा फोनवर दर वेळी एकच सांगायचा, ‘अंकल, मी बाहेर आहे.’ बाहेर म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सोसायटीला नाव काय द्यायचं यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी बिल्डिंगचं होतं तेच नाव ठेवलं. पूर्णत्वाच्या दाखल्यात एक मजला कमी लिहिलेला निघाला. त्या मजल्यावर राहणाऱ्या बँकवाल्याने मला विचारलं, ‘म्हणजे आम्ही कुठे राहतो?’ मी काय सांगू?

सह्या गोळा करणं तर त्याहून वर. सकाळी गेलं तर साहेब आंघोळीला, संध्याकाळी गेलं तर वहिनी बाजारात, दोघंही घरी असले तर चष्मा सापडत नाही. चौथ्या मजल्यावर दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा फ्लॅट होता, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला. तो महिन्यातून दोनदा यायचा. त्याला एकदा जिन्यात गाठलं. तो भिंतीला कागद लावून सही करता करता म्हणाला, ‘भाऊ, आपलं मत तुमालाच. बियरसाठी लय लांब जावं लागतं.’ सबंध बिल्डिंगमध्ये खरं बोलणारा तेवढा एक. एका फ्लॅटचा मालक पुण्यात, त्याच्या सहीसाठी मी पहाटेची बस धरून गेलो आणि तो म्हणाला, ‘अहो, मेल केला असतात तरी चाललं असतं.’ बायकोच्या सह्या मीच मारल्या. ती स्वयंपाकात असायची, आणि बँकेपासून गॅसपर्यंत तिच्या सह्या वीस वर्षं मीच मारतोय. तिची सही तिच्यापेक्षा मला चांगली येते.

या आठ महिन्यांत दुकान आणखी बसलं. मी सतत बाहेर, त्यामुळे दुपारचे चार तास सोडून सकाळचेही कितीतरी तास दुकानात बायकोच बसायची. माल भरायला माझ्याकडे वेळ नव्हता. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा तूरडाळ मागितली, नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्याच संध्याकाळी रंगीत टी-शर्टवाला त्यांच्याकडे वर गेला. मी स्वतःची समजूत घालायचो की थोडे दिवस, एकदा उजवीकडचं शटर उघडलं की डावीकडचंही सावरेल. घरी आलो की फाईल पुढ्यात घेऊन बसायचो. कोणता कागद कशाच्या खाली लावायचा, कशाची झेरॉक्स राहिली, हेच. जेवण पानात निवायचं.

शेवटी प्रमाणपत्र आलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला पोरगा झाल्यासारखं वाटलं. पेढे आणले. चौदा दारं वाजवून वाटले. सगळे म्हणाले, ‘वा भाऊ, करून दाखवलंत.’ चेअरमनांनी प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि लिफ्टशेजारी लावली. आता ते खरोखरचे चेअरमन होते, सरकारी कागदावरच्या सोसायटीचे, आणि त्यांची चालच बदलली.

पहिली सर्वसाधारण सभा रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये ठेवली. खुर्च्या मी आणल्या, इतिवृत्ताचं रजिस्टर मी आणलं, चहा आमच्या घरून. सभेच्या आधी मी मोजणी करून ठेवली होती. बारा फ्लॅट, दोन गाळे, चौदा मतं. पुण्याचा येणार नव्हता, उरली तेरा. सात मिळाली की काम फत्ते. माझं एक, फ्लॅटचं एक, ती दोन तर खिशातच. बागायतदार तिसरा. शेजारच्या गाळ्यातली पार्लरवाली ताई चौथी, ती म्हणाली होती, ‘आज तुम्हाला नाही म्हटले तर उद्या माझ्या पार्लरला नाही म्हणतील.’ निवृत्त फौजी पाचवे. मजला सापडलेला बँकवाला सहावा, त्याच्यासाठी मी पालिकेत अकरा खेपा घातल्या होत्या. आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो तरुण मुलगा, ज्याच्याकडे दिवसातून तीनदा घरपोचवाले येतात, तो माझ्या नजरेला नजर देत नसे, म्हणून मी त्याला गाठून सरळ मत मागितलं. तो हो म्हणाला. झाली सात.

सभेची सुरुवात माझ्या सत्काराने झाली. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. चेअरमनांनी भाषण केलं. एकलहऱ्याला संच बंद पडला की कसे सगळे एकदिलाने कामाला लागायचे, तसं आमच्या या भाऊंनी एकहाती, वगैरे वगैरे. टाळ्या झाल्या. मी शाल अंगावर घेऊनच बसलो, उन्हाळ्याचे दिवस, घाम फुटलेला. मग दुसरा विषय निघाला, गाळा क्रमांक एकमध्ये बियर विक्रीस नाहरकत देणेबाबत.

मुख्याध्यापिका बाई उठल्या. ‘मला भाऊंबद्दल वैयक्तिक आदर आहे,’ त्या म्हणाल्या, आणि ‘वैयक्तिक’ आलं तिथेच मी ओळखलं. संध्याकाळी क्लासहून मुली याच फाटकातून येतात, बाटल्या घेणारे फाटकाशी घोळका करतील, दुचाक्या आडव्या लावतील, कुणाला काय बोलणार? बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं, तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं? तेव्हा ‘गरज तुम्हाला आहे ना’ म्हणून मला जुंपलं, आणि आता ज्या सभेत बोलायचा हक्क मी त्यांना कागदोपत्री मिळवून दिला, त्या सभेत माझ्याविरुद्ध बोलतायत. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सोसायटी नव्हती तेव्हा एका चहात नाहरकत मिळाली होती.

आणि चेअरमन. ते म्हणाले, ‘माझी वैयक्तिक हरकत नाही, पण आता आपण नोंदणीकृत संस्था आहोत. प्रतिमेचा प्रश्न आहे.’ मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘साहेब, रविवारी सकाळी भंगारवाला तुमच्या दारातून पोतं उतरवतो तेव्हा जिनाभर जो आवाज होतो, तो प्रतिमेचाच असतो का?’ बागायतदार मोठ्याने हसला. चेअरमन लाल झाले. पार्लरवाल्या ताईंनी मला खुणेने गप्प बसवलं. बोललो ते बोललो, पण त्याने एक मत जास्त मिळालं नाही, हेही खरं.

‘हात वर करून मत द्यावं,’ चेअरमन म्हणाले. आधी नाहरकत द्यावी या बाजूचे. मी हात वर केला, शालीतून. बागायतदाराने केला. ताईंनी, फौजींनी, बँकवाल्याने. तरुण मुलाने खाली बघत का होईना, केला. चेअरमन पेन्सिलने एकेक टोचत मोजत होते. ‘सहा,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘सात. नीट मोजा.’ त्यांनी पुन्हा मोजलं. सहा.

मी मागे वळून पाहिलं. बायको बायकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. मला वाटलं तिचं लक्ष नाही. मी खूण केली. तिने बघितलं आणि बघत राहिली. मग चेअरमन म्हणाले, नाहरकत देऊ नये या बाजूचे, आणि तिने हात वर केला. अगदी सरळ, कोपर न वाकवता. चेअरमनच गडबडले. ‘वहिनी, हे विरोधाचं चाललंय,’ ते म्हणाले.

‘कळलंय मला,’ ती म्हणाली.

सात विरुद्ध सहा. नव्या कोऱ्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर सेक्रेटरीने ठराव क्रमांक एक लिहिला, भाऊंचे अभिनंदन, आणि ठराव क्रमांक दोन लिहिला, भाऊंना नाहरकत नाकारण्यात येत आहे. दोन्हींना सूचक त्याच मुख्याध्यापिका बाई. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

वर आलो ते दार आपटून. शाल सोफ्यावर फेकली. ती कपबशा घेऊन मागून आली आणि सिंकमध्ये ठेवायला लागली, जसं काही रोजचंच.

‘तू काय केलंस ते तुला कळलं का?’ मी म्हणालो. आवाज खाली पार्किंगपर्यंत गेला असणार. ‘एका मताने गेलं. तुझ्या एका मताने. बाहेरचे परवडले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला सांगू हे?’

‘माहीत आहे एका मताने गेलं. मी मोजत होते.’

‘मोजत होतीस? आणि तरी? अगं, दुकान बसलं तर मी सातपूरला गेटवर टोपी घालून उभा राहणार आहे, हे तरी मोजलंस का?’

तिने नळ बंद केला. ‘तुम्ही भिंत घालणार होतात ना मध्ये? उजवीकडे बियर. मग दुपारी एक ते पाच उजवीकडे कोण बसणार होतं?’

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की याचा मी विचारच केलेला नाही. नकाशा काढला होता, फ्रीजची मापं घेतली होती, शटर कुठल्या रंगाचं हे ठरवलं होतं. ‘माणूस ठेवला असता,’ मी म्हणालो.

‘कोणता माणूस? अठरा वर्षांत ठेवलात?’

‘मग बोलायचं होतंस. आठ महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस आणि आज चारचौघांत माझं नाक कापलंस. घरात नव्हतं सांगता येत?’

‘सांगितलं होतं,’ ती म्हणाली.

‘कधी?’

‘होळीच्या आदल्या आठवड्यात. दुपारी अडीचला एक माणूस आला. बियर सुरू झाली का विचारायला. सगळीकडे झालंच होतं, इथे बियर येणार म्हणून. मी नाही म्हटलं तर सिगरेट घेतली आणि काउंटरला टेकून उभाच राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाव काय तुमचं, दुपारी एकट्याच असता का, मालक कधी येतात. मी शटर अर्धं खाली ओढलं तर वाकून आत बघायला लागला. हसत होता. मी आतल्या बाजूला तेलाच्या डब्यांमागे जाऊन उभी राहिले, पाच वाजेपर्यंत.’ ती हात पुसत होती. ते कोरडे झाले होते तरी पुसत होती. ‘नंतर दोनदा आला. अजून बियर नव्हती तेव्हा हे. तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं, तुम्ही ऑफिसातून आल्या आल्या.’

‘मला? मला सांगितलंस? मी काय म्हणालो?’

‘तुम्ही फायलीला भोकं पाडत होतात,’ ती म्हणाली. ‘हं म्हणालात.’

मी सोफ्यावर बसलो. आठवून पाहिलं. पंच मशीन आठवलं. आर्किटेक्टचा दाखला उलटा लागला म्हणून मी चिडलो होतो आणि सगळे कागद पुन्हा काढले होते, तेही आठवलं. ती समोर उभी होती, हेसुद्धा आठवल्यासारखं वाटलं. ती काय बोलली ते काही केल्या आठवेना.